मागच्या सीटसाठी हेल्मेट

गल्लीत तिला सगळे पिशवीवाली काकू म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्या बाजूला जाड कापडाचे तागे, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले बंद, चेनी आणि बकलं. या सगळ्या पसाऱ्यातून स्वयंपाकघरापर्यंत जायला जेमतेम पायवाट. शाळेची दप्तरं, बाजाराच्या पिशव्या, फिरत्या विक्रेत्यांच्या झोळ्या, जे येईल ते ती शिवायची. तिने शिवलेली पिशवी काही केल्या फाटत नाही, शेवटी वापरणाराच कंटाळतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची.

तिचा नवरा मोटरसायकलवर असायचा. गावभरच्या लहान दवाखान्यांतून रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्या गोळा करायच्या आणि मोठ्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे त्याचं काम. त्यावरून त्याचं नाव पडलं बाटलीभाऊ. माणूस मोठा बोलका. नर्सबाईंशी थट्टा, कंपाउंडरशी चहा, वॉचमनची चौकशी, आणि एवढं सगळं करून बाटल्या वेळेवर. पण स्वभाव मानी. कुणी हात धरून रस्ता ओलांडून दिलेला त्याला जन्मात खपला नसता.

आणि नेमकं नशिबाने तेच त्याच्यापुढे वाढून ठेवलं.

त्याची नजर कडेने जात होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, म्हणून त्याला स्वतःलाच पत्ता लागला नाही. चहाचा कप ठेवायला जावं तर टेबलाची कड चुकायची, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. घाईत होतं असं, म्हणून तो हसून सोडून द्यायचा. मग एक दिवस सिग्नलवरून निघताना डाव्या बाजूने एक सायकलवाली बाई आली आणि ती त्याला दिसलीच नाही. तिने ओरडून सायकल फुटपाथवर घातली म्हणून वाचली. खरचटलंसुद्धा नाही. बाटलीभाऊ मात्र पांढराफटक पडला. त्याने गाडी बंद केली आणि तिथून घरापर्यंत ढकलत आणली. काकू मशीनवर होती. त्याने किल्ली तिच्यासमोर कापडावर ठेवली आणि म्हणाला, "ही कुठेतरी ठेवून दे. मी मागितली तरी देऊ नकोस."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल. गाडी चालवणं मात्र आता संपलं.

पुढचे काही महिने त्या घराने फार वाईट काढले. बाटलीभाऊसारखा माणूस घरात बसणं म्हणजे चालत्या पंख्याला हाताने धरून ठेवण्यासारखं होतं. तो शिवणात मदत करायला बसायचा आणि धाग्याबरोबर कापडही कातरायचा. बकलं रंगाप्रमाणे लावायला घ्यायचा आणि डबा लवंडायचा. काकू तोंडातून शब्द काढत नसे, आणि तिचं ते गप्प बसणंच त्याला झोंबायचं. लॅबमधून फोन आला की तो बाहेर ओट्यावर जाऊन बोलायचा, मोठमोठ्याने हसायचा, आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एक दिवस जेवताना काकू म्हणाली, "अहो, गाडी मी चालवते. तुम्ही मागे बसा."

"कुठे जायला?"

"कामाला. बाटल्यांची पेटी तुमच्या मांडीवर, हँडल माझ्या हातात."

बाटलीभाऊ हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसला, आणि काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. "हसायला काय झालं? लग्नाआधी दादाची गाडी मीच पळवायचे. तुमच्या घरात आले आणि मागे बसायची सवय लागली, एवढंच."

हे मात्र खरं होतं. तिला गिअर, क्लच सगळं ठाऊक होतं, फक्त गंज चढला होता. त्यांची मुलगी छापखान्यात कामाला होती. तिने सुट्टीच्या दिवशी आईला गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात नेलं. काकूने पहिल्याच दिवशी गाडी दोनदा आडवी केली, एकदा भिंतीशी बोलायला नेली, आणि तिसऱ्या आठवड्यात बाजारातून सफाईने वळवून घरी आणली. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला. मग दोघं नवराबायको लॅबच्या मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

मॅडमनी दोघांकडे नीट पाहून घेतलं. बाटलीभाऊच्या जागी ठेवलेला माणूस रस्ते चुकायचा आणि दवाखानेवाल्यांची रोज तक्रार यायची, हेही त्यांच्या मनात असणार. "मला चालेल," त्या म्हणाल्या. "एकच अट. दोघांच्याही डोक्यावर चांगलं हेल्मेट हवं. आणि पट्टी लावलेली. भाऊ, तुमची पट्टी मी इतकी वर्षं कानांशी लोंबकळतानाच पाहिली आहे."

बाटलीभाऊने कान पकडले. त्याच्या जुन्या हेल्मेटचं बकल कधीचं मोडलेलं होतं, आणि ते दुरुस्त करायचं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं हेल्मेटच्या दुकानात गेली. दुकानदार गुबगुबीत, गप्पिष्ट. त्याने जुनं हेल्मेट हातात घेतलं, आतलं अस्तर बाजूला केलं आणि आतल्या थर्माकोलला गेलेली चीर दाखवली. "हे कधीतरी पडलंय. बाहेरून छान दिसतं, आत दम नाही. याची आता कुंडी करा."

मग मापाचा विषय निघाला. काकूच्या गळ्यात सवयीने टेप होतीच. तिने भुवयांच्या जरा वरून, मागच्या उंचवट्यावरून नवऱ्याचं डोकं मापलं. दुकानदार म्हणाला, "काकू, मग माझी टेप मी काय शोभेला ठेवलीय?" पण माप त्याने मान्य केलं. डोक्यात घातलं की गाल दाबले गेले पाहिजेत. मान हलवली की हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागे राहता कामा नये. मागून वर ढकलून पाहायचं, निघालं तर ते हेल्मेट नाही, टोपी. तो हे सगळं प्रेमाने, करून दाखवत सांगत होता. बाटलीभाऊही रंगात आला होता. काळं घेऊ की पांढरं, काच धुरकट की स्वच्छ, यावर त्याने गमतीजमतीही केल्या.

घोडं अडलं ते पट्टीपाशी.

पहिल्या हेल्मेटची पट्टी दातेरी होती. एका टोकाला प्लास्टिकची दातांची जीभ, दुसऱ्या टोकाला खाच. जीभ आत सरकवली की करकर करत घट्ट होते. बाटलीभाऊने हनुवटीखाली दोन्ही टोकं धरली. खाली लोंबणारी टोकं त्याच्या उरलेल्या नजरेत येत नव्हती, एक सापडलं तर दुसरं निसटायचं. शेवटी जीभ तिरकी आत गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. दुकानदाराने वाकून, त्याचं डोकं काखेत धरून ती सोडवली. दुसऱ्या हेल्मेटला क्लिप होती, टक्‌ करून बसणारी. तिथे त्याने क्लिपेत हनुवटीची कातडीच पकडून घेतली. तोवर दुकानात आणखी गिऱ्हाइकं जमली होती. एक मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "काका, मी लावून देऊ का?" आणि त्याच क्षणी काकूचाही हात पुढे गेला.

बाटलीभाऊने हेल्मेट काढलं, काउंटरवर ठेवलं आणि दाराकडे निघाला. जाता जाता मोजे-जॅकेटांच्या स्टँडला खांदा लागला आणि चारपाच जॅकेटं त्याच्या अंगावर कोसळली. ती झटकून तो बाहेर पडला.

 घरी आल्यावर त्याने तोंड उघडलं.

"रोज चौकाचौकात, दवाखान्यादवाखान्यापुढे, तू माझ्या हनुवटीखाली गाठ मारणार? शाळेत निघालेल्या पोराला मारतात तशी? मी जेवणसुद्धा चाचपडत जेवतो, तुला कळू देत नाही एवढंच. मला नाही जमणार हे. तू एकटी जा."

"मला रस्ते कुठे माहीत आहेत?" काकू म्हणाली.

"मग नको जाऊस."

 काकू मशीनवर जाऊन बसली. पण त्या दिवशी शिवण काही सरळ गेली नाही. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. हट्ट म्हणावा तर हट्ट नाही हा. याला आपली पट्टी आपण लावायची आहे, एवढंच मागणं आहे. आणि मी आयुष्यभर बकलं लावत आले. मला हे सुटू नये?

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. दुकानदार ओशाळला होता. "काकू, काल फार गर्दी झाली हो."

"ते जाऊ द्या. तुमच्याकडे पडलेली, मोडलेली हेल्मेटं असतील ना? पट्टी शाबूत असलेली. मला प्रत्येक तऱ्हेचं एकेक द्या. शिवायला नको, शिकायला हवंय."

दुकानदाराने माळ्यावरून तीन काढून दिली आणि बजावलं, "एक लक्षात ठेवा. नव्या हेल्मेटच्या पट्टीत सुई घालायची नाही. खूण म्हणूनसुद्धा टाका नको. तिथेच पट्टी कच्ची होते." काकूला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. ओझ्याच्या बंदाला भोक पडलं की तो तिथूनच जातो, हे ती रोजच पाहत होती.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली आणि दारातच थबकली. स्वयंपाकघरात आई उभी. डोळ्यांवर काळ्या अस्तराची पट्टी घट्ट बांधलेली, वर डोक्यात भलंमोठं लाल हेल्मेट, आणि दोन्ही हात हनुवटीखाली. गॅसवर भाजी करपायला आली होती.

"आई! काय चाललंय हे?"

"ओरडू नको. गॅस बंद कर आधी. आणि मला सांग, माझी ही जीभ सरळ जातेय का?"

मुलीने गॅस बंद केला, भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठून आईला मदत करू लागली तर काकूने हातावर चापट मारली. "हात नाही लावायचा. तेच तर शिकायचंय."

तिने तिन्ही तऱ्हा करून पाहिल्या. दातेरी पट्टी खाली नजर टाकून टोकं धरता आली तर सगळ्यांत झटपट, पण अंधारात जीभ तिरकी जाणार ती जाणारच. क्लिप जरा बरी, पण दोन्ही टोकं हवेत लोंबणारी, एकमेकांना शोधत फिरणारी. तिसऱ्या हेल्मेटला नुसत्या दोन लोखंडी कड्या होत्या, एकावर एक. पट्टी दोन्ही कड्यांतून ओढून घ्यायची, मग परत वळवून एकीच्या वरून आणि दुसरीच्या आतून काढायची. दुकानात दुकानदाराने ही दाखवलीच नव्हती. त्याला वाटलं, सगळ्यांत किचकट तीच. पहिल्या पाचसहा वेळा काकूलाही तसंच वाटलं. दोन्ही कड्यांतून परत बाहेर काढली तर ओढताच सुटायची. तिने हेल्मेटला, कड्यांना आणि त्या बनवणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

पलीकडच्या खोलीत बाटलीभाऊ रेडिओ लावून बसला होता. रेडिओ केव्हा बंद झाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता.

"काय करतेस गं?"

काकूने डोळ्यांवरची पट्टी काढली नाही. "आंधळी झालेय. बघतेय काय काय जमतं."

 या घरात तो शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता. बाटलीभाऊने चौकटीवरचा हात काढून पुढे केला. मग म्हणाला, "आण इकडे. शिव्यांनी नाही लागत पट्टी."

तो खुर्चीत बसला. हेल्मेट मांडीवर घेतलं आणि आधी नुसतंच चाचपलं. एका कडीला कापडाची छोटी फीत होती, पट्टी सैल करताना ओढायची. ती बोटांना लागली आणि त्याचा हात थांबला. "ही फीतवाली बाहेरची. म्हणजे हिच्यावरून वळायचं, आणि बिनफितीच्या आतून." त्याने पट्टी दोन्ही कड्यांतून घेतली, वळवली, फितीवरून अंगठा फिरवला, टोक दोन कड्यांच्या मधून सरकवलं आणि ओढलं. बसली.

"सोडून पुन्हा लावा," काकू म्हणाली.

त्याने सोडली, पुन्हा लावली. मग डोक्यात घालून लावली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. हेल्मेटच्या आतून त्याचा आवाज आला. "यात गंमत बघ. त्या दुसऱ्या दोन्हींत एका टोकाने दुसऱ्याला शोधत बसायचं. हिच्यात एकदा हातात आली की पट्टी बोटांतून सुटतच नाही. कुठवर आलोय ते बोटांना कळतं."

काकूने आता डोळ्यांवरची पट्टी सोडली. लगेच नवऱ्याकडे पाहिलं नाही. भाजीच्या कढईकडे वळली आणि बराच वेळ ढवळत राहिली.

नंतरचे दिवस तो बातम्या ऐकताना, डोळ्यांत थेंब घालून पडला असताना, मांडीवर ते दोन कड्यांचं हेल्मेट घेऊन पट्टी लावायचा आणि सोडायचा. मुलगी म्हणायची, "बाबा, त्या पट्टीला जरा विश्रांती द्या." तो म्हणायचा, "हात बसू दे. आणि हो, दुकानात आता तुमच्यापैकी कुणी पुढे पुढे करायचं नाही."

पुन्हा दुकानात गेले ते सकाळी, गर्दी नसताना. बाटलीभाऊने दोन कड्यांचं हेल्मेट मागितलं, तेव्हा दुकानदाराच्या भुवया वर गेल्या. पण तो शहाणा. एकामागून एक हेल्मेटं त्याने काउंटरवर ठेवली. बाटलीभाऊने रंगाकडे लक्षच दिलं नाही. प्रत्येकाच्या कड्या आणि फीत बोटांनी पाहिली, दोन नाकारली कारण फीत फारच बारीक होती, आणि तिसरं घातलं. पट्टी लावली. दुकानदाराने पट्टी आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली, हेल्मेट मागून वर ढकललं, डावीउजवीकडे हलवलं. "भाऊ, हे डोक्याला शिवून दिल्यासारखं बसलंय. माझी स्वतःची पट्टी मी एवढी नीट लावत नाही."

"कोणता रंग आहे?" बाटलीभाऊने विचारलं.

"पोपटी," काकू म्हणाली.

"अरे देवा. राहू दे. निदान लोकांना दुरून दिसेन."

मग काकूची पाळी. तिचा अंबाडा कुठल्याच हेल्मेटात मावेना. हेल्मेट डोक्यावर कळसासारखं उभं राहायचं. आरशासमोर उभं राहून तिने अंबाडा सोडला, खाली मानेशी सैल वेणी घातली आणि पुन्हा घालून पाहिलं. आता बसलं. तिने स्वतःसाठी दातेरी पट्टी घेतली. तिला प्रत्येक दवाखान्यात उतरून आत जायचं होतं, काढायला-घालायला झटपट हवं. बाटलीभाऊ म्हणाला, "बघा, बकलांवर आयुष्य घालवलेली बाई, आणि घेते काय, तर करकर वाजणारं खेळणं." काकूने त्याच्या पोपटी हेल्मेटवर टिचकी मारली. ती त्याच्या कानात चांगलीच घुमली.

कामाच्या पहिल्या दिवशी लॅबच्या फाटकापाशी वॉचमन, ड्रायव्हर, वरच्या खिडकीत मॅडम, असे सगळेच जमले होते. निमित्त काहीबाही होतं, पण पाहायचं होतं ते यांनाच. काकूने गाडी सुरू केली. बाटलीभाऊने पेटी सीटवर टेकवली, हेल्मेट घातलं आणि हात हनुवटीखाली नेले.

आरशात काकूला तो दिसत होता. पट्टी पहिल्याच कडीत अडली. वॉचमन अर्धा पाऊल पुढे आला. काकूने हँडलवरचा हात घट्ट केला. तो हात तिथून हलवायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. गाडी धडधडत होती. बाटलीभाऊने पट्टी पूर्ण बाहेर ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन्हींतून आत. वळण. फीत. मधून बाहेर. ओढली. उरलेलं टोक पट्टीवरच्या टिचबटणात दाबून टाकलं. पेटी मांडीवर घेतली आणि तिच्या खांद्यावर थाप मारली.

"चला ड्रायव्हर. उभ्या का?"

त्या दिवशी सगळंच काही छान झालं असं नाही. चढावर गाडी बंद पडली आणि मागच्यांनी भोंगे वाजवून कान किटवले. एका दवाखान्यात काकू चुकीच्या खिडकीशी उभी राहिली. पण मोठ्या रस्त्यावर पाइपासाठी खोदून ठेवलेलं पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा मागून शांत आवाज आला. "काय दिसतंय? पिवळे अडथळे? मग मागे वळव. बेकरीचा वास येईपर्यंत सरळ, मग उजवीकडे. पुढे सायकलींची दुकानं लागतील, तिथे हळू, रस्त्यात सामान मांडतात." ती सांगेल ते दृश्य तो मनातल्या रस्त्यात बसवायचा आणि पुढचं वळण काढून द्यायचा. बाटल्या वेळेत पोचल्या. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग या दोघांकडे, आणि पुढच्या दिवसाची पेटी काढून ठेवायला सांगितलं.

हळूहळू त्यांची घडी बसली. सकाळी बाटल्या, दुपारनंतर शिवण. दवाखान्यांतून बाटलीभाऊची थट्टामस्करी पुन्हा सुरू झाली. नर्सबाई आता आधी काकूची चौकशी करायच्या आणि त्याचं तोंड वाकडं व्हायचं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी तपासून सांगितलं, नजर आहे तिथे थांबली आहे. पुढचं कुणी सांगू शकत नाही, पण आज थांबली आहे. बाटलीभाऊ आता गल्लीत ओळखीचा कुणी गाडीवर दिसला आणि त्याच्या हेल्मेटची पट्टी लोंबकळत असली, तर सोडत नसे. त्याला न दिसणारी पट्टीसुद्धा वाऱ्यावर फडफडताना ऐकू यायची.

एका सुट्टीच्या सकाळी तो स्वतःच म्हणाला, "आज पेटी नाही. तरी काढ गाडी."

"कुठे जायचंय?"

"कुठेही. कालव्याच्या बाजूने जो सरळ रस्ता जातो ना, तिकडे."

गावाबाहेर पडल्यावर रहदारी विरळ झाली. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं, वर लख्ख ऊन. बराच वेळ तो काही बोलला नाही. काकूला वाटलं, जुने दिवस आठवून गप्प झाला असेल. तिने विचारलं, "बरं वाटतंय ना हो?"

"मला बरं वाटतंय," मागून आवाज आला. "गाडीला नाही वाटत. केव्हाची तिसऱ्या गिअरात रडतेय बिचारी. चौथा टाक."

काकूने चौथा टाकला.